वाचकांचे प्रश्न : यिर्मयाचं खरेदीखत आणि इतर शंका

यिर्मया संदेष्ट्यावरचे लेख आल्यापासून पुण्यातल्या निरनिराळ्या मंडळ्यांतून बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं वाचताना बायबल शेजारी उघडं असू द्या. यिर्मयाच्या बाबतीत बहुतेक घोटाळे वचन पाठ असल्यामुळे आणि त्याच्या मागचापुढचा मजकूर न वाचल्यामुळे होतात.

प्रश्न : आम्ही वडगाव शेरीत फ्लॅट घेतला. घरभरणीच्या प्रार्थनेला तिघांनी एकच भेट आणली, यिर्मया 29:11ची पाटी (‘तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत’). एक नातेवाईक म्हणाले, ‘हे वचन तुमच्यासाठी नाहीच, संदर्भ वाचा.’ आता पाटी ठेवायची की काढायची?

एक ठेवा. उरलेल्या दोन पुढच्या घरभरणीला उपयोगी पडतील.

नातेवाइकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 29वा अध्याय हे पत्र आहे, आणि पत्र वाचायचं तर आधी पाकीट बघावं : कोणी लिहिलं, कुणाला, कधी. इ.स.पू. 597च्या मार्चमध्ये यरुशलेम बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याला शरण गेलं. बाबेलच्या बखरीत त्याचा दिवससुद्धा नोंदलेला आहे, अदार महिन्याची 2 तारीख. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, सरदार, सुतार, लोहार असे सगळे बाबेलला नेले गेले. यिर्मया मागे राहिला आणि त्याने त्या लोकांना हे पत्र पाठवलं. यहोयाखीनच्या जागी बसवलेला राजा सिद्कीया याचे दोन दूत, एलासा आणि गमऱ्या, बाबेलला निघाले होते, त्यांच्या हाती ते गेलं.

आता 11व्या वचनाच्या आधी काय आहे ते बघा. 5 ते 7 : घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. 8 आणि 9 : लवकर सुटका होईल असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. 10 : परत आणीन, पण सत्तर वर्षांनी. पत्र हाती पडलं तेव्हा जो तीस वर्षांचा होता, त्याने आपल्या हयातीत परत जाण्याची आशा सोडायची होती. 11व्या वचनातले हिताचे संकल्प ते हेच. ऐकणाऱ्यांना ही खूशखबर वाटली नाही. शमाया नेहेलामी नावाच्या माणसाने तर यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र पाठवून तक्रार केली, ‘या यिर्मयाला खोड्यात का घातलं नाही?’ आणि पुरावा म्हणून त्याने कोणतं वाक्य दिलं, तर ‘दिवस लांबणार आहेत, घरं बांधा’ (29:28). आपण जे चौकटीत लावतो, त्याच पत्रावर तो चिडला होता.

एक भाषेची गोष्ट. ‘तुमच्याविषयी’ हे मराठीत एका माणसाला आदरानेही म्हणता येतं आणि अनेकांनाही. मूळ हिब्रूत ते अनेकवचन आहे, म्हणजे अख्ख्या समाजाला उद्देशून. मराठी वाचकाची फसगत नेमकी इथे होते : वचन आपल्या एकट्याच्या नोकरीचं, लग्नाचं, व्हिसाचं होऊन बसतं.

तेव्हा पाटी राहू द्या, आणि तिच्याखाली 5 ते 7 वचनं हाताने लिहून लावा. सातवं वचन पाळायला सोपं आहे. सोसायटीच्या सभेला जा, ओला-सुका कचरा वेगळा करा, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची चौकशी करा. प्रार्थनेत आपल्या फ्लॅटबरोबर इमारतीचं नाव घ्या आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचंही.

प्रश्न : शहर पडणार असं जो स्वतः सांगतो, तोच शेत विकत घेतो. हा विश्वास की विसंगती? आमच्या कसबा पेठेतल्या बायबल अभ्यासात हा अध्याय (32) प्रात्यक्षिक म्हणून घ्यायचा आहे, तो कसा घ्यावा?

आमच्या मते यिर्मयाच्या चरित्रात विश्वासाचा सगळ्यात भरीव धडा या अध्यायात आहे. त्यात चमत्कार एकही नाही. आहे ते वजन, साक्षीदार, मोहर आणि मडकं. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

प्रसंग सिद्कीयाच्या राज्याच्या दहाव्या वर्षीचा. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा आहे आणि यिर्मया राजवाड्याच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. काका शल्लूम यांचा मुलगा हनामेल येतो आणि म्हणतो, ‘अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.’ हा भाऊबंदांचा हक्क लेवीय 25:25मधला आहे : भावाला जमीन विकायची वेळ आली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी. अनाथोथ हे यरुशलेमपासून चारपाच किलोमीटरवरचं यिर्मयाचं गाव. याच गावच्या लोकांनी ‘संदेश सांगणं थांबव, नाहीतर आमच्या हातून मरशील’ अशी धमकी त्याला पूर्वी दिली होती (11:21), आणि घरचे भाऊही उलटले होते (12:6). शेत शत्रूच्या ताब्यातल्या भागात, विकणारा भाऊबंद, घेणारा तुरुंगात. भावकीत व्यवहार केलेल्या कुणालाही याहून वाईट सौदा सुचणार नाही.

बारकावे तीन आहेत. पहिला : हनामेल येणार हे देवाने आधीच सांगितलं होतं, तरी ‘हे परमेश्वराचं वचन आहे असं मला कळलं’ असं यिर्मया म्हणतो ते हनामेल खरोखर समोर आल्यावर (32:8). म्हणजे आतला आवाज ऐकून तो लगेच पैसे काढायला धावला नाही, थांबला.

दुसरा : व्यवहार अगदी काटेकोर झाला. 17 शेकेल चांदी तराजूत तोलली, कारण यहूदात तेव्हा नाणी नव्हती. यहूदात सापडलेल्या दगडी वजनांवरून शेकेल सुमारे 11.4 ग्रॅमचा धरतात, म्हणजे चांदी झाली 194 ग्रॅमच्या आसपास. खत लिहिलं, त्यावर मोहर केली, साक्षीदारांनी सह्या केल्या. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही बारूख लेखकाच्या हाती सगळ्यांसमक्ष दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. मोहरबंद आणि उघडी प्रत ही त्या काळाची पद्धत होती. मजकूर दोनदा लिहायचा. एक भाग गुंडाळून, दोऱ्याने बांधून, त्यावर मातीचा गोळा दाबून मोहर उठवायची. दुसरा भाग रोज पाहण्यासाठी उघडा. उद्या कुणी उघड्या प्रतीत फेरफार केला, तर न्यायाधीशासमोर मोहर फोडून आतला मजकूर पडताळायचा. आपल्याकडे दुय्यम निबंधकाकडे दस्ताची प्रत राहते, तेच काम.

तिसरा बारकावा बहुतेक प्रवचनांतून निसटतो. शंका सहीनंतर आली. वचन 16 ते 25 ही प्रार्थना खत बारूखला दिल्यावरची आहे. तिच्या शेवटी यिर्मया म्हणतो, ‘वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत, तूच म्हणालास ते घडतंय, तू बघतोच आहेस, तरी तू मला म्हणतोस पैसे देऊन शेत घे.’ मन तयार झाल्यावर पाऊल टाकायचं असा आपला क्रम असतो. इथे पाऊल आधी पडलं आणि मन मागून कुरकुरत आलं. देवाने त्या कुरकुरीला रागावून उत्तर दिलं नाही, सविस्तर दिलं (26 ते 44).

विसंगतीचं म्हणाल, तर नाही. शहर पडेल हे खरं, आणि या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील (32:15) हेही खरं. दोन वाक्यांत काळाचं अंतर आहे, आणि मडकं त्या अंतरासाठी होतं. त्या शेतावर यिर्मया कधी राहिला अशी नोंद नाही. पुढे लोकांनी त्याला मिसरात नेलं.

आता प्रात्यक्षिक. पंधराएक माणसांच्या गटाला चाळीस मिनिटं पुरतात. साहित्य : प्रत्येक जोडीला एक कोरा ए-फोर कागद, सुती दोरा, लिंबाएवढी शाडू, सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघरातला वजनकाटा, थोडे वॉशर किंवा खिळे आणि झाकणासह एक मडकं. कागद उभा धरून वरच्या भागात दोनतीन ओळींचं खत लिहा, चार बोटं जागा सोडा, खाली तोच मजकूर शब्दशः पुन्हा लिहा. मोकळ्या जागेत मध्यापर्यंत आडवा काप द्या. वरचा भाग गुंडाळत कापापर्यंत आणा, दोरा तीन वेढे बांधा, गाठीवर वाटाण्याएवढी शाडू दाबून तिच्यावर अंगठी उठवा. मग काट्यावर 194 ग्रॅम खिळे मोजा, साक्षीदारांच्या सह्या घ्या (सही खत लिहिणाऱ्याची नको, शेजारच्या जोडीची हवी) आणि गुंडाळ्या मडक्यात ठेवा.

बिघडतं ते इथे. शाडू ओली असली की कागद भिजून फाटतो. फार सुकी असली तर अंगठीच्या दाबाने चिरते आणि दोरा निसटतो. हाताला न चिकटण्याइतकी मळा. मडक्याचं तोंड गुंडाळीपेक्षा मोठं आहे ना हे आदल्या दिवशी बघा. आयत्या वेळी गुंडाळी चेपली की मोहर तुटते. आणि सगळ्यांत मोठी चूक नेत्याची असते, तो आधीच अर्थ सांगून मोकळा होतो. वचन 6 ते 15 वाचत कृती करा, मडक्यावर झाकण ठेवा, मग 16 ते 25 वाचा आणि मिनिटभर कुणी बोलू नका. चर्चेला एकच प्रश्न ठेवा : सही केल्यानंतर शंका आली, असं तुमच्या बाबतीत कुठे झालं?

जाता जाता, हा अध्याय वाचून कुणी एनए न झालेला प्लॉट घेऊ नये. यिर्मयाच्या व्यवहारात भाव वाढण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न : पुस्तक सुरुवातीपासून वाचायला घेतलं की पंधराव्या अध्यायाच्या पुढे सरकत नाही. राजे मागेपुढे होतात. काही सोपा क्रम आहे का? (खडकी)

दोष तुमचा नाही. 52 अध्याय आहेत आणि ते काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. ग्रीक भाषांतरातलं यिर्मया तर हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यात परराष्ट्रांविषयीचे अध्याय मध्येच येतात. रचना एकच पक्की, असं प्राचीन काळातही नव्हतं.

पहिल्या वाचनात राजाप्रमाणे वाचा. योशीयासाठी 1 ते 6. यिर्मयाचं पाचारण योशीयाच्या राज्याच्या तेराव्या वर्षीचं, म्हणजे इ.स.पू. 627च्या सुमाराचं. यहोयाकीमसाठी 7 आणि 26 जोडीने (मंदिरातलं प्रवचन आणि त्यावरून झालेला खटला), मग 25, 35, 36, 45. सिद्कीयासाठी 24, 29, 27, 28, 34, 37, 32, 33, 38, 39, याच क्रमाने. शहर पडल्यानंतरचे 40 ते 44. मग 30 आणि 31 स्वतंत्र, सावकाश; नव्या कराराचं वचन 31:31 ते 34मध्ये आहे आणि इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात ते पूर्ण उद्धृत केलेलं आहे. विलाप, म्हणजे यिर्मयाच्या तक्रारीच्या प्रार्थना, 11 ते 20मध्ये विखुरलेले आहेत, त्यांच्याबद्दल पुढे बोलू. 46 ते 51 शेवटी ठेवा. 52 हा बराचसा 2 राजे 24 आणि 25शी जुळतो, तिथे थांबायची गरज नाही.

एक खाचखळगा : 27:1मध्ये बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत यहोयाकीमचं नाव आहे, पण तिसरं आणि बारावं वचन सिद्कीयाचं आहे. सिद्कीया धरून वाचा. वहीत डाव्या बाजूला तीन राजांची नावं लिहून प्रत्येक अध्याय त्यासमोर टिपत गेलात, तर दुसऱ्या वाचनात दिवसाला दोन अध्याय सहज होतात आणि 26 दिवसांत पुस्तक संपतं.

प्रश्न : बाहेरगावच्या एका वक्त्याने सभेत माझ्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं, ‘दोन महिन्यांत परदेशी नोकरी लागेल, परमेश्वर म्हणतो.’ त्याने इथल्या नोकरीचा राजीनामा द्यायचं ठरवलंय. घरात वाद आहे. (पिंपरी)

राजीनामा थांबवा. मग दोघांनी बसून 28वा अध्याय वाचा.

अज्जूरचा मुलगा हनन्या मंदिरात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल.’ मुदत, नाव, परमेश्वराचा हवाला, सगळं होतं. यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया बघा. ‘आमेन, परमेश्वर असंच करो’ (28:6). त्याने त्या माणसाचा अपमान केला नाही. चांगलं व्हावं अशी त्याचीही इच्छा होती. मग त्याने कसोटी सांगितली : शांतीचा संदेश देणाऱ्याचं वचन खरं ठरतं, तेव्हाच त्याला परमेश्वराने पाठवलं हे कळतं (28:9). यिर्मयाने बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून मानेवर जू घातलं होतं, ते हनन्याने काढून मोडलं. यिर्मया काय म्हणाला? काही नाही. ‘तो आपल्या वाटेने गेला’ (28:11). उत्तर त्याला नंतर मिळालं आणि तेव्हा त्याने जाऊन सांगितलं. सभेत लगेच उत्तर द्यायची सक्ती संदेष्ट्यावरही नव्हती, मग तुमच्या मुलावर कशाला?

करायचं ते असं. वक्त्याचे नेमके शब्द तारखेसह वहीत लिहा. आठवणीतून नको, कारण दोन महिन्यांत शब्द बदलतात आणि ‘नोकरी’चं ‘दार’ होतं. ध्वनिमुद्रण असेल तर त्यावरून लिहा. मंडळीतल्या दोन वडिलधाऱ्यांच्या त्यावर सह्या घ्या, म्हणजे नंतर कुणी बदलू शकणार नाही. मुदत संपेपर्यंत त्या शब्दांच्या भरवशावर राजीनामा, कर्ज, एजंटला आगाऊ पैसे यांपैकी काहीही करू नका. अर्ज मात्र जरूर करा, त्याला कुणाची हरकत नाही. आणि 23वा अध्याय हाताशी ठेवून दोन गोष्टी विचारा. या संदेशाने कुणाचं वागणं सुधारतं का (23:22)? की हे वाक्य आणखी चार सभांत चार मुलांना सांगितलं गेलंय? एकमेकांची वचनं चोरणाऱ्यांबद्दल 23:30मध्ये स्पष्ट लिहिलंय.

हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला, हे वाचून कुणी वक्त्यावर शाप उच्चारू नये. तो निकाल यिर्मयाला सांगायला दिला होता, तुम्हाआम्हाला नाही.

प्रश्न : दोन वर्षं घरात आजारपण आहे. प्रार्थनेत आता फक्त तक्रारच येते. अशी प्रार्थना करणं अविश्वासाचं आहे का? (रास्ता पेठ)

मुळीच नाही. यिर्मयाच्या पुस्तकात अशा पाच प्रार्थना मुद्दाम जपून ठेवल्या आहेत : 11:18 ते 12:6, 15:10 ते 21, 17:14 ते 18, 18:18 ते 23 आणि 20:7 ते 18. पंधराव्या अध्यायात तो देवाला आटून जाणाऱ्या फसव्या ओढ्याची उपमा देतो. विसाव्यात, पशहूर याजकाने त्याला रात्रभर खोड्यात अडकवून ठेवल्यानंतर, ‘तू मला भुलवलंस’ म्हणतो, मधेच एका वचनात स्तुती करतो (20:13) आणि लगेच पुढच्या वचनात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अध्याय तिथेच संपतो. कुणी त्याला नंतर स्तुतीचं शेपूट जोडलेलं नाही.

रोज तीच तक्रार फिरून येते तेव्हा ती कागदावर उतरवा. आधी कुणाशी बोलतोय ते : ‘हे परमेश्वरा, तुला ठाऊक आहे.’ मग नेमकं काय झालंय ते. ‘खूप त्रास आहे’ असं लिहू नका. ‘मंगळवारी पुन्हा ताप आला, रजा संपली, औषधाला इतके रुपये लागले’ असं लिहा. मग देवावरचा आरोप, जसा मनात आहे तसा. मग एकच मागणी. भरवशाचं वाक्य आपोआप आलं तर लिहा, नाही आलं तर ओढून आणू नका. कागदावर तारीख घाला. 11 ते 20 या अध्यायांत एकाच माणसाचा सूर किती वेळा खालीवर झाला ते दिसतं, तसं तुमच्या कागदांवरूनही काही महिन्यांनी दिसेल.

भेटीला येणाऱ्यांनी मात्र ‘धीर धरा, देवाची योजना असते’ हे दारातच ठेवून आत यावं.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जन्मच नको होता असं रोज वाटत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : बारूखच्या अंगठ्याचा ठसा असलेली मातीची मोहर सापडली आहे, असं प्रवचनात ऐकलं. खरं का?

ते उदाहरण वापरू नका. ‘बारूख’ नावाच्या त्या मोहरा उत्खननातून न येता पुराणवस्तूंच्या बाजारातून आल्या, आणि त्या बनावट असल्याचं मत अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. उत्खननात प्रत्यक्ष मिळालेल्या वस्तू असताना संशयित कशाला? यरुशलेमच्या जुन्या भागात 1982मध्ये ‘शाफानचा मुलगा गमऱ्या’ या नावाची मोहर मिळाली. यिर्मया 36:10मध्ये याच नावाच्या माणसाच्या खोलीत बारूख गुंडाळी वाचतो. 38:1मधल्या युखल आणि पशहूरचा मुलगा गदल्या यांच्या नावांच्या मोहरा 2005 आणि 2008 साली मिळाल्या. लाखीशला 1935मध्ये सापडलेल्या खापरांवरच्या पत्रांत लाखीश आणि अजेका दोन्ही आहेत. 34:7मध्ये उरलेली तटबंदीची शहरं म्हणून हीच दोन नावं येतात. यातल्या एकाही वस्तूवरून ‘बायबल सिद्ध झालं’ असं म्हणू नये. त्या नावांची माणसं त्या काळच्या यरुशलेमात वावरत होती, एवढं म्हणावं.

प्रश्न : आमच्या मंडळीची भेट समिती आजारी माणसांकडे जाते. त्यांना यिर्मयातून काय शिकवता येईल? (वानवडी)

38वा अध्याय, वचन 7 ते 13. यिर्मयाला मल्कीयाच्या हौदात दोरांनी सोडलं आहे, पाणी नाही, चिखल आहे, तो रुतला आहे. एबद-मलेख हा राजवाड्यातला कूशी, म्हणजे परदेशी, नोकर. राजा बन्यामीन वेशीत बसला असताना तो उघडपणे जाऊन म्हणतो, हे वाईट झालं, तो भुकेने मरेल. राजा त्याला तीस माणसं देतो. तो दोर घेऊन थेट हौदावर जाऊ शकला असता. तसं न करता तो आधी खजिन्याच्या खालच्या खोलीत जातो आणि जुनेरं, चिंध्या गोळा करतो. त्या वरून फेकत नाही, दोराने खाली सोडतो, कारण फेकलेलं कापड चिखलात पडून भिजलं असतं. मग सांगतो, या काखेत धर आणि त्यावरून दोर घे. चिखलात रुतलेल्या माणसाला ओढताना चिखल खाली खेचतो, सगळा भार काखेवर येतो. उपाशी माणसाची कातडी दोराने फाटली असती.

समितीला हा उतारा वाचून एकच गोष्ट करायला लावा : प्रत्येकाने पुढच्या भेटीसाठी ‘जुनेर’ काय ते लिहायचं. हार आणि फळांची टोपली म्हणजे दोर. जुनेर म्हणजे रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्या सुनेला दोन तास झोप, फोनचा चार्जर, बिलांची फाइल लावून देणं, बिनमिठाची खिचडी. आधी फोन करून काय हवं ते विचारा. एका वेळी दोघांनीच जा, आणि रुग्णाने थांबा म्हटलं नाही तर पंधरा मिनिटांत उठा. लांबलचक प्रार्थना रुग्णाला बसून ऐकावी लागते, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : विलापगीत यिर्मयानेच लिहिलं ना?

परंपरा तसं म्हणते. पुस्तकात लेखकाचं नाव नाही.

प्रश्न : संडेस्कूलमध्ये पहिला अध्याय शिकवते. ‘बदामाची डाहळी’ आणि ‘मी जागरूक आहे’ (1:11, 12) यांचा संबंध मुलांना सांगता येत नाही. (बिबवेवाडी)

मराठीत तो सांगता येणारच नाही, कारण तो शब्दांचा खेळ आहे. हिब्रूत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागत लक्ष ठेवणाऱ्याला ‘शोकेद’. फळ्यावर दोन्ही शब्द देवनागरीत एकाखाली एक लिहा आणि मुलांकडून तीनतीनदा मोठ्याने म्हणवून घ्या. स्पष्टीकरण त्यानंतर द्या. त्या देशात बदाम हिवाळा सरता सरता, पानं यायच्या आधी, इतर झाडांच्या पुढे फुलतो, म्हणजे झाडही लवकर जागं होणारं.

एक काळजी घ्या. पुण्यातली मुलं बदामाचं झाड म्हटलं की अंगणातला देशी बदाम काढतात, मोठ्या पानांचा, पानं लाल होऊन गळणारा. ते झाड वेगळं, त्याचा या वचनाशी संबंध नाही. चित्र काढायला लावणार असाल तर पानं नकोत : करडी, बारीक काडी आणि तिच्यावर पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी किंवा पांढरी फुलं. वाण्याकडून कवचासकट चार बदाम आणून वर्गात फिरवा. फोडायला लहान हातोडी लागते, ती मुलांच्या हातात देऊ नका.